चौदा नंबरची आठ मिनिटं

३ फेब्रुवारी

छोट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असशील. आधीच सांगतो, घरी सगळे ठीक आहेत. कुणी गेलेलं नाही, कुणी दवाखान्यात नाही. फोन करणार होतो, पण तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर मलाच बोलता आलं नसतं. कागदावर निदान खाडाखोड करता येते.

तुझा पत्ता तुझ्या वहिनीनं दिला. ती आणि तिची धाकटी जाऊ सहा वर्षं माझ्या पाठीमागे फोनवर बोलतात हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. घर असंच चालतं.

लिहायला तसं कारण काही नाही. डेपोत एक बाई आली आहे, तिच्याबद्दल कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

आरोग्य खात्यानं तिला पंधरा दिवसांसाठी पाठवली. ड्रायव्हर लोकांचे डोळे बघायचे, साखर बघायची, बीपी बघायचं आणि कागद भरून परत जायचं. अशा बाया यापूर्वीही येऊन गेल्या. साहेबांनी तिला जागा दिली ती जुन्या टायरांच्या खोलीत. तिनं पहिल्या दिवशी टायर भिंतीला रचले, त्यातल्याच एकावर फळी टाकून टेबल केलं आणि बसली. पन्नाशीची, अंगानं भरलेली, पाय सुजलेले, चेहऱ्यावर माशी बसली तरी हलणार नाही असा. डेपोनं तिला लगेच नाव ठेवलं, आरोग्यबाई.

आपली मंडळी कशी आहेत तुला ठाऊकच आहे. झोप कशी लागते? मस्त. भूक? मस्त. काही त्रास? छे. एका ओळीत एकतीस मस्त माणसं. आरोग्यबाईनं तेही निमूटपणे लिहून घेतलं. मग तिनं छापील कागदावर नसलेला एकच प्रश्न प्रत्येकाला विचारला : ड्यूटीवर असताना पाणी किती पिता?

चौदा नंबरच्या मार्गावरचा एकही माणूस पाणी पीत नाही. पाणी प्यायलं तर जावं लागतं, आणि जायला वेळ नसतो. चौदा नंबरची बस तूच चालवायचास, हे मी तुला सांगायला नको. पण तीस वर्षं त्या ऑफिसात बसून मला ते माहीत नव्हतं. लोकांना माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. तिनं विचारलं.

तुझ्याबरोबरचा ड्रायव्हर रेडिओ आठवतो? पहिल्या फेरीला तोंड उघडायचा तो शेवटच्या फेरीला मिटायचा. दोन वर्षांपासून तो बोलत नाही. आम्ही म्हणायचो, सेल संपले. आरोग्यबाईसमोर तो वीस मिनिटं बसला, ती पण बसली. उठताना तो एवढंच म्हणाला, उद्या येऊ का?

बस, एवढंच. उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

दादा


२४ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं उत्तर नाही आलं. अपेक्षाही नव्हती. पण माझी गोष्ट अर्धी राहिली आहे.

पंधरा दिवस संपले आणि बाई गेलीच नाही. खात्याकडून आणखी काही महिन्यांची परवानगी काढून आणली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला चौदा नंबरच्या पहिल्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. मांडीवर वही, पिशवीत बीपीचं यंत्र, डबा. उतरली ती ड्यूटी संपल्यावर. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. दोन आठवडे, छोट्या. त्या सुजलेल्या पायांनी.

वहीत काय लिहिते म्हणून रेडिओनं डोकावून पाहिलं. कोणत्या चौकात किती मिनिटं अडकलो. मागून किती हॉर्न. किती प्रवाशांनी आवाज चढवला, काय शब्द वापरले. शेवटच्या थांब्यावर गाडी किती वाजता पोचली, किती वाजता निघाली. पोचल्यावर ड्रायव्हरचं मनगट धरून नाडी मोजायची, तीही लिहायची. डबा मात्र पहिल्या दिवशी तिनं तसाच परत नेला. मी विचारलं तर म्हणाली, गाडी थांबलीच नाही, मग खाणार कधी?

मधेच साहेबांना वाटलं, आपणही काही करावं. त्यांनी बाहेरून एक व्याख्याते आणले. विषय, ताणमुक्त जीवन. तासभर त्यांनी श्वास घ्यायला शिकवला, मग आरशात बघून हसायला सांगितलं. व्याख्यान ठेवलं होतं जेवणाच्या सुट्टीत. सगळे उपाशीपोटी हसले आणि गाड्या काढायला गेले. आरोग्यबाई मागच्या बाकावर बसली होती. साहेबांनी तिला विचारलं, कसं वाटलं? ती शांतपणे म्हणाली, चांगलं बोलले. पण एका नळाचं पाणी पिऊन गल्लीभर माणसांना उलट्या झाल्या, तर आपण घरोघरी जाऊन उलटी कशी आवरायची ते शिकवत नाही. नळ बघतो.

मग ती नळ बघायला माझ्या टेबलापाशी आली.

चौदा नंबरचं वेळापत्रक मागितलं. मी काढून दिलं. एका बाजूची धाव बावन्न मिनिटं, टोकाला पाच मिनिटं थांबा. तिनं आपली वही शेजारी ठेवली. तिच्या वहीत साठच्या खाली एकही आकडा नव्हता. म्हणजे गाडी टोकाला पोचते तेव्हा परतीची वेळ कधीच टळून गेलेली असते. उतरायचं नाही, पाय मोकळे करायचे नाहीत, तोंडावर पाणी मारायचं नाही. तशीच वळवायची. आणि तीन वेळा उशीर झाला की मेमो.

तिनं विचारलं, हे कुणी बनवलं?

मी म्हणालो, ऑफिसनं.

ती म्हणाली, हात द्या तुमचा. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, आकडा बघितला. चढलेला होता. तुम्ही कुठला मार्ग चालवता? असं तिनं विचारलं, आणि हसली नाही.

दादा


१९ मार्च

छोट्या,

मागच्या पत्रात मी तिला जे सांगितलं तेच तुलाही सांगून सोडून दिलं. ऑफिसनं. दोन्ही वेळा खोटं. तुला तर ते खोटं आहे हे माहीतच आहे.

वेळापत्रक मी केलं. अकरा वर्षांपूर्वी. पण तुला जे माहीत नाही ते आज लिहितो. नियमाप्रमाणे कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळेला, भरल्या गाडीत बसून किमान सहा फेऱ्या मोजायच्या असतात. मी एका रविवारी सकाळी मोजलं. रिकाम्या गाडीत. दोन फेऱ्या. त्या दिवशी तुझ्या वहिनीच्या भावाकडे जेवायला जायचं होतं. एवढंच कारण. ते बावन्न मिनिटांचं वेळापत्रक पुढे दर वर्षी नव्यानं सादर व्हायचं, आणि मी दर वर्षी वरची तारीख तेवढी बदलायचो. रस्त्यावरच्या गाड्या दुप्पट झाल्या, तीन नवे सिग्नल आले, पुलाचं काम निघालं. माझा रविवार काही संपला नाही.

तू तीन अर्ज दिले होतेस. तिन्ही माझ्याच टेबलावर आले. तिसऱ्यात तू लिहिलं होतंस, 'मला पळायला वेळ नको, थांबायला वेळ हवा.' मला वाटलं, घरचा आहे म्हणून आगाऊपणा करतोय. आपल्या भावाला सवलत दिली असं कुणी म्हणू नये, अशीही एक ऐट होती. तिन्हींवर मी एकच शेरा मारला : दखल घेण्याची गरज नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी तू गाडी पुलावर उभी केलीस आणि उतरून चालत निघून गेलास.

तेव्हा मी तुला घरी काय काय बोललो ते तुझ्या लक्षात असणारच. नाक कापलंस म्हणालो. नाटकी म्हणालो. बायकांसारखा रडतोस म्हणालो, तेही धाकटी समोर उभी असताना. तिनं माझ्यापुढचं ताट उचलून नेलं होतं. बरोबर केलं तिनं.

आरोग्यबाईचा अहवाल आला आहे. चौदा नंबरच्या एकतीस ड्रायव्हरांपैकी बावीस जणांचं बीपी वाढलेलं. टेकडीवरून जाणारा नऊ नंबरचा मार्ग आहे, तिथली वेळ सैल आहे, मी तो नीट मोजला होता. तिथे तीस जणांत सात. माणसं त्याच वयाची, त्याच पगाराची, त्याच शहरातली. आणि चौदा नंबरच्या नऊ जणांनी तिला सांगितलं की पुलावर आलं की मनात नको ते येतं. एकालाही वाटत नव्हतं की दुसऱ्यालाही तसं होतं. प्रत्येक जण समजत होता, आपणच फक्त कच्चे.

साहेबांना अहवाल आवडलेला नाही. शहराच्या समितीपुढे तो जायचाय. त्यांचं म्हणणं, कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक सवयी' लिहा. आरोग्यबाई नाही म्हणाली. मग त्यांनी मला बोलावून एक कागद पुढे केला : चौदा नंबरचं वेळापत्रक नियमानुसार प्रत्यक्ष मोजणी करून तयार केलेलं आहे. खाली सही. म्हणाले, चार महिन्यांनी निवृत्त होताय, सन्मानानं जा.

मी सही केली.

हे तुला न लिहिता चाललं असतं. पण मग पत्र लिहिण्यात अर्थ काय राहिला?

दादा


२८ मार्च

छोट्या,

काल मी सकाळच्या पाळीला रेडिओच्या गाडीत बसलो. कुणी सांगितलं नव्हतं. रजा टाकली आणि बसलो. अकरा वर्षांत कामाच्या दिवशी पहिल्यांदा.

सगळं लिहीत नाही, तुला काय सांगायचं. एवढंच, की तिसऱ्या फेरीला पुलावर आम्ही एकोणीस मिनिटं उभे होतो. मागे एक माणूस खिडकीवर थापा मारत होता. त्याला मुलाखतीला जायचं होतं, त्याचंही खोटं नव्हतं. एक बाई रेडिओला म्हणाली, झोपला का रे? गाडीत पासष्ट-सत्तर माणसं आणि त्या प्रत्येकाचा उशीर त्या एका माणसाच्या पाठीवर येऊन बसत होता. मी फक्त मागे बसलो होतो, माझ्या हातात चाकही नव्हतं, तरी माझ्या छातीवर कुणी तरी गुडघा रोवून बसल्यासारखं झालं. रेडिओनं आरशातून बघितलं. म्हणाला, दादा, खाली बघा, आपल्या बुटांकडे. मी तेच करतो.

टोकाला पोचल्यावर आरोग्यबाई तिथेच होती. तिनं त्याची नाडी मोजली, मग न सांगता माझी. मी तिला तिथेच, थांब्याच्या खांबाला टेकून, सगळं सांगितलं. रविवार, तीन अर्ज, सही. आणि तुझं. डेपोत तुझी गोष्ट अजून सांगतात, ती तिनं ऐकलेली होती. तो माझा भाऊ हे तिला माहीत नव्हतं.

तिनं मला दोष दिला नाही, समजूतही घातली नाही. तपशील विचारले. गाडी उभी केली ती कुठल्या बाजूला? मी म्हटलं, डाव्या कडेला घेतली होती. इंजिन? बंद होतं. हँडब्रेक? ओढलेला. मागचे दिवे? लुकलुकत होते. दारं? दोन्ही उघडी. प्रवासी किती? चव्वेचाळीस. कुणाला काही लागलं? कुणालाच नाही.

मग ती म्हणाली, "ज्या माणसाला त्या क्षणी आपलं नावसुद्धा सांगता आलं नसतं, त्यानं चव्वेचाळीस माणसं आधी सुखरूप केली आणि मग तो उतरला. त्याला कुणी शाबासकी दिली का?"

चौकशीचे कागद तेव्हा मीच फाईलला लावले होते, छोट्या. डावी कडा, हँडब्रेक, दिवे, सगळं त्यात लिहिलेलं होतं. ते मी वाचलंही होतं. मला त्यात फक्त 'वाहन सोडून पलायन' एवढंच दिसलं.

गाडी सुटायची वेळ झाली होती. रेडिओ तसाच वर चढला. मी मागाहून चढलो.

दादा


१२ एप्रिल

छोट्या,

काल समितीची बैठक झाली. मोठं टेबल, नऊ माणसं, पाण्याच्या बाटल्या. आरोग्यबाईला दहा मिनिटं दिली होती, तिनं सात घेतली. आवाज चढवला नाही. आकडे वाचले, नऊ नंबरचे आणि चौदा नंबरचे शेजारी शेजारी. शेवटी म्हणाली की एक माणूस आजारी पडला तर त्याला औषध द्यावं, पण एका मार्गावर बावीस माणसं आजारी असतील तर औषध मार्गाला द्यावं लागेल. आणि गाडीतले प्रवासीही त्याच मार्गावर आहेत, त्यांची मी मोजणी केलेली नाही, करायला हवी.

साहेबांनी मग माझा सहीचा कागद वाचून दाखवला. समितीतले एक गृहस्थ मान डोलवत होते. मी कडेला खुर्चीवर बसलो होतो, कुणी विचारलं तर फाईल द्यायला. उठलो.

मी म्हणालो, "सही माझी आहे. मजकूर खोटा आहे. मी रविवारी मोजलं होतं."

मग तुझा तिसरा अर्ज वाचला. माझ्या शेऱ्यासकट. अर्ज करणारा आता कुठे आहे, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे, तो शहर सोडून गेला, त्याला घालवण्यात माझा हात होता.

साहेब माझ्याकडे बघत नव्हते. खाली बसलो तर आरोग्यबाई शेजारच्या खुर्चीवर येऊन कानात म्हणाली, पाणी प्या. एवढंच. तिच्याकडून याहून मोठं कौतुक कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आज सकाळी मला मेमो मिळाला. दिशाभूल करणारं प्रमाणपत्र दिल्याबद्दल. आयुष्यातला पहिला. चौकशी होईल, निवृत्तीचा समारंभ बहुतेक होणार नाही. तुझी वहिनी मेमो वाचून म्हणाली, उशिरा का होईना, तुम्हालाही मिळाला. आणि तिनं दुपारी आवडीची भाजी केली.

दादा


७ ऑगस्ट

छोट्या,

मधे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

एप्रिल-मेमध्ये चौदा नंबर नव्यानं मोजला. मीच मोजला, आरोग्यबाई आणि रेडिओ साक्षीला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तीनही पाळ्या. एक जूनपासून नवं वेळापत्रक. धाव अडुसष्ट मिनिटं, टोकाला आठ मिनिटं थांबा. दोन जादा गाड्या मिळाल्या. अकरा मिनिटांनी येणारी बस आता तेरा मिनिटांनी येते. पहिला आठवडा लोक कुरकुरले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती खरंच तेरा मिनिटांनी येते. टोकाला एक स्वच्छतागृह, एक नळ आणि सावलीत बाक. उद्‌घाटनाला साहेबांनी फीत कापली. कापू दे.

आरोग्यबाई नव्हती. तिला त्याच आठवड्यात दुसरीकडे पाठवलं. एका कचेरीत दोनशे मुली कानाला यंत्र लावून दिवसभर ग्राहकांच्या तक्रारी ऐकतात. आठ तास शिव्या खायची नोकरी. तिथे तिला जिन्याखालची खोली मिळाली आहे म्हणे. तिनं तिथेही काही तरी रचून टेबल केलंच असेल.

जुलैत मात्र ती एक दिवस येऊन पुन्हा सगळ्यांची मोजणी करून गेली. बावीसचे तेरा झालेत. सगळे बरे झाले असं नाही. दोघांना औषध चालूच आहे. रेडिओला मनाच्या डॉक्टरकडे पाठवायचं ठरलं तेव्हा तो जाईना, लोक वेडा म्हणतील म्हणाला. ती त्याच्याबरोबर गेली, सरकारी दवाखान्याच्या रांगेत अडीच तास त्याच्या शेजारी बसली, आणि पुढच्या वेळी आणखी दोघांना घेऊन तो स्वतःच गेला. परवा तो पहिल्या फेरीला बोलायला लागला. आता गप्प कसा करायचा हा प्रश्न आहे.

माझी निवृत्ती झाली. समारंभ झाला नाही. ड्रायव्हर लोकांनी टोकाच्या बाकावर बसवून चहा पाजला. त्या बाकावर बसून मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. अभिमान नव्हता. ज्याच्यासाठी ते हवं होतं तो तिथे नव्हता, एवढं ठळक कळत होतं.

दादा


२ सप्टेंबर

छोट्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी काहीच धड बोललो नाही. तुझ्या वहिनीनं फोन हातात दिला, म्हणाली, घ्या. पलीकडे तू श्वास घेत होतास. मग तू विचारलंस, टोकाला आता किती मिनिटं? मी म्हटलं, आठ. तू म्हणालास,

"आठात चहा होतो."

आणि ठेवलास.

मला जे बोलायचं होतं ते राहून गेलं. सहा वर्षं राहिलंय, आणखी नको. तू त्या दिवशी गाडी कडेला घेतलीस, ब्रेक ओढलास, दिवे लावलेस, दारं उघडलीस. तुला काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, तरी तू हे केलंस. आपल्या घराचं नाक त्या दिवशी तू कापलं नाहीस, राखलंस. शाबास. हे मी तुझ्यासमोर, धाकटीसमोर म्हणणार आहे. तिनं पुन्हा ताट उचललं तरी म्हणणार आहे.

रविवारी निघतोय. एकटाच येतो, तुझी वहिनी म्हणते आधी तुम्ही दोघं काय ते बोलून घ्या. तिकीट काढलं आहे. कागदावर पोचायची वेळ साडेबारा लिहिली आहे. ती कुणी, कुठल्या वारी मोजली कोण जाणे. गाडीला उशीर झाला तर होऊ दे. तुम्ही जेवून घ्या.

दादा